मिरॅकल बेरीच्या गोळ्या : लिंबू गोड लागलं, पण जेवण?

पाचपैकी तीन तारे. तिसरा देताना हात जरा आखडला होता, पण दह्याने वाचवलं. ते पुढे येईलच.

घाईत असलेल्यांनी एवढंच वाचावं : केमोथेरपीत तोंडाला येणारी धातूची चव या गोळ्या घालवत नाहीत. त्या आंबटाला गोड करतात, बस. ज्यांना आंबट पदार्थ चालतात आणि ज्यांचं तोंड आलेलं नाही, त्यांना उपयोग होऊ शकतो. बाकीच्यांनी पैसे वाचवावेत आणि मीठ-सोड्याने चुळा भराव्यात. त्याबद्दलही लिहिलं आहे, कारण चुळेशिवाय या गोळीचं काही खरं नाही.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. अंडाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि मग दर तीन आठवड्यांनी कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल ही केमोची औषधं सुरू झाली. केस गळण्याबद्दल मला अख्खं माहितीपत्रक मिळालं होतं. चवीबद्दल त्यात जेमतेम एक ओळ : ‘चवीत तात्पुरता बदल संभवतो.’ तो तात्पुरता बदल असा, की साधं पाणी पितानाही जिभेवर नाणं ठेवल्यासारखं वाटे. अंडं कडू. कॉफीचा नुसता वास आला तरी मी खोलीबाहेर. आवडीच्या पदार्थांचा तर रागच येऊ लागला, कारण जीभ जुनी चव शोधायची आणि हाती भलतंच लागायचं. नावडत्या पदार्थांकडून काही अपेक्षाच नसल्यामुळे ते त्या मानाने बरे उतरायचे.

यामागचं कारण समजलं तेव्हा मला थोडं बरं वाटलं (शिक्षकी स्वभाव). जिभेवरच्या चव ओळखणाऱ्या रुचिकलिकांमधल्या पेशी फार दिवस जगत नाहीत. साधारण दहा दिवस ते दोन आठवड्यांत जुन्या जातात, नव्या येतात. केमोची औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात, त्यात कॅन्सरच्या पेशींबरोबर केसांच्या मुळांतल्या, तोंडाच्या आतल्या अस्तरातल्या आणि जिभेवरच्या या पेशीही सापडतात. शिवाय काही औषधं लाळेतून उतरतात, म्हणून एखाद्याला सलाईन चालू असतानाच तोंड कडू लागतं. त्यात लाळ कमी झाली की आणखी पंचाईत, कारण पदार्थ लाळेत विरघळल्याशिवाय जिभेला कळतच नाही.

म्हणजे बिघाड पेशींचा. आता गोळी त्यावर काय करते ते पाहा.

गोळ्या भाच्याने मागवल्या. त्याने कुठेतरी व्हिडिओ पाहिला होता. ‘मावशी, ही चघळ आणि मग लिंबू चाव. तुझ्या विषयातलंच आहे.’ विषयातलं आहे म्हटल्यावर मला नाही म्हणवेना. पाकिटात पट्टी, प्रत्येक गोळी वेगळ्या फुगवट्यात बंद. आकाराने लहान, विटकरी-गुलाबी, ठिसूळ. घटक दोनच : सुकवलेल्या फळाची पूड आणि स्टार्च. साखर नाही. गोळीला स्वतःची अशी चव जवळजवळ नाही, किंचित तुरट म्हणता येईल. वेष्टणाला पैकीच्या पैकी गुण. दमट हवेत या गोळ्या पटकन ओल धरतात, त्यामुळे सुट्या डबीत मिळत असतील तर घेऊ नका.

मिरॅकल बेरी हे फळ पश्चिम आफ्रिकेतलं. तिथले लोक जेवणाआधी ही लाल बोरं चघळतात, अशी नोंद एका फ्रेंच प्रवाशाने १७२५ सालीच केली होती. त्यातलं प्रथिन १९६८ मध्ये वेगळं काढलं गेलं आणि त्याला मिरॅक्युलिन नाव मिळालं. हे प्रथिन गोड नाही. ते जिभेवरच्या गोड ओळखणाऱ्या ग्राहींना (रिसेप्टर्सना) घट्ट चिकटून बसतं आणि वाट बघतं. तोंडातला पीएच उदासीन (ना आम्ल, ना अल्कली) असेल तोवर गप्प. आम्ल आलं की ते ग्राहींना चेतवतं आणि मेंदूला ‘गोड’ असा निरोप जातो. म्हणजे लिंबाचं आम्ल जागच्या जागी असतं, निरोप फक्त बदलतो. अर्ध्या तासापासून दोनेक तासांपर्यंत हा खेळ चालतो, मग लाळेबरोबर प्रथिन धुऊन निघतं.

आता विक्रेत्याच्या वर्णनाकडे येऊ. ‘केमोत गेलेली चव परत आणते’, असं तिथे ठळक अक्षरांत लिहिलं होतं. वरचा परिच्छेद वाचलेल्या माझ्या नववीतल्या कुठल्याही मुलीने यावर फुली मारली असती. बिघडलेल्या पेशी हे प्रथिन दुरुस्त करत नाही. कडूवर त्याचा थेट परिणाम नाही, धातूच्या चवीवर नाही, वासावर तर नाहीच. ‘वैद्यकीय चाचण्यांत सिद्ध’ असंही होतं. चाचण्या झाल्या आहेत हे खरं, पण त्या केवढ्या तेही सांगायला हवं ना? २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात केमो घेणारे आठ रुग्ण होते. त्यांना चव सुधारल्यासारखी वाटली. २०२४ मध्ये स्पेनमधली एक चाचणी आली, ती जास्त शिस्तशीर : काहींना खरी पूड, काहींना दिसायला तशीच दुसरी, आणि कोणाला काय मिळालं ते गुपित. तिचे निष्कर्ष आशा वाटावी असे आहेत, पण रुग्ण ३१. एवढ्या बळावर ‘सिद्ध’ म्हणायला माझी जीभ धजत नाही, बिघडलेली असली तरी.

वापरायची पद्धत पाकिटावर एका वाक्यात उरकली आहे आणि तिथेच बहुतेकांचे पैसे वाया जात असणार. मला जमलेला क्रम असा. आधी सोडा-मिठाच्या पाण्याने चूळ, म्हणजे जिभेवरचा चिकट थर निघतो आणि गोळी जिभेला नीट लागते. मग साध्या पाण्याची चूळ, नाहीतर तोंडात राहिलेला सोडा पुढच्या आंबटाला मारून टाकतो. मग गोळी. चावून गिळायची नाही. जिभेच्या टोकावर, कडांवर, मागे अशी फिरवत हळूहळू विरघळू द्यायची. तोंड कोरडं असेल तर ती विरघळता विरघळत नाही, तेव्हा आधी पाण्याचा घोट घ्यायचा. आणि लगेच गरम काही प्यायचं नाही. हे प्रथिन उष्णतेने मोडतं. वाफाळत्या सुपावर गोळी वाया घालवू नका, सूप कोमट होऊ द्या.

आता मुख्य भाग, म्हणजे ताटात काय झालं.

लिंबूपाणी : चमत्कारच. बिनसाखरेचं असून सरबत. नाण्याची चव मागे सरली, गेली नाही. पाणी पिणं ही माझी सगळ्यात मोठी अडचण होती, त्यामुळे हे मोलाचं.

टोमॅटोचं सूप, कोमट : उत्तम. टोमॅटो इतका गोड झाला की वर मीठ आणि मिरपूड लागली.

संत्रं, स्ट्रॉबेरी : गोडाचा अतिरेक. दोन फोडींनंतर बास. शिवाय केमोत रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरून संसर्गाचा धोका वाढलेला असताना फळं नीट धुऊन, सोलून खायची असतात, स्ट्रॉबेरी सोलणार कशी?

भात, ब्रेड, बटाटा : काही फरक नाही. आम्लच नाही तर गोळी करणार काय!

उकडलेलं अंडं : कडू होतं ते कडूच राहिलं.

कॉफी : जैसे थे. कोऱ्या चहात लिंबू पिळून प्यायले तेव्हा मात्र मजा आली.

डॉक्टरांनी सांगितलेली प्रथिनांची पावडर, दुधात : काहीही बदल नाही. ती मुळातच अंगावर येण्याइतकी गोड, आणि गोळीचा तिथे काही संबंध नाही. ती थंड करून, दूध जास्त घालून पातळ करूनच घशाखाली उतरली.

आणि दही. आंबट दही साखर घालून फेटल्यासारखं लागलं. वाटीभर संपलं. दुसऱ्या दिवशी परत संपलं. तिसरा तारा याचा.

दह्यासाठी तारा द्यायचं कारण आहे. मला पहिल्या काही दिवसांतच कळून चुकलं, की या काळात चव लागते की नाही हा खरा प्रश्न नसतो. वजन टिकतंय का, हा असतो. आमच्या आहारतज्ज्ञ बाई पहिल्या भेटीत ‘काय आवडतं?’ हे विचारायच्या फंदात पडल्या नाहीत. त्यांनी सरळ वजनकाट्यावर उभं केलं. उपचार चालू असताना शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला १ ग्रॅमहून जास्त आणि जमलं तर १.५ ग्रॅमपर्यंत प्रथिन पोटात जायला हवं, असा त्यांचा हिशोब. मांस आणि अंडं कडू लागायला लागलं की हा हिशोब सगळ्यात आधी कोसळतो. म्हणून कुठल्याही उपायाकडे मी एकाच नजरेने बघते : याने माझ्या पोटात प्रथिन गेलं का? लिंबू गोड लागल्याने करमणूक झाली. दही गोड लागल्याने जेवण झालं. (दही पाश्चराइज्ड दुधाचं, बंद डब्यातलं आणि ताजं. पांढऱ्या पेशी खाली असताना यात ढिलाई नको.)

आता न घेण्याची कारणं. ही पाकिटावर नाहीत, म्हणून सविस्तर लिहिते.

तोंड आलं असेल तर गोळी बाजूला ठेवा. गोळी झोंबत नाही, पण तिच्या मागोमाग येणारं आंबट झोंबतं. चव गोड लागते म्हणून जखमेला आम्ल कमी लागतं असं नाही. केमोच्या वॉर्डात माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक काका असायचे. घशाचा कॅन्सर, रोज रेडिएशन आणि आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध. माझी लिंबाची कथा ऐकून म्हणाले, ‘आम्हालाही द्या की एक.’ तोंड उघडून दाखवा म्हटलं. आतून लाल भडक. मी दिली नाही. ते रुसले, पण त्यांच्या नर्सने अंगठा उंचावून मला शाबासकी दिली. डोक्या-मानेच्या रेडिएशनचं गणित मुळातच वेगळं आहे. तिथे रुचिकलिकांबरोबर लाळग्रंथींनाही झळ बसते. चव परतायला काही महिने लागतात, कधी वर्षही, आणि तोंडाचा कोरडेपणा त्यानंतरही रेंगाळू शकतो. अशांनी इंटरनेटवरून गोळ्या मागवण्याआधी आपल्या डॉक्टरांना आणि दातांच्या डॉक्टरांनाही विचारावं.

दातांचं म्हणाल तर, लिंबू गोड लागलं की माणूस ते पीतच सुटतो. लाळ कमी असताना आम्ल दातांवर जास्त वेळ राहतं आणि इनॅमल झिजतं. प्यायल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा आणि लगेच ब्रश करू नका.

ग्रेपफ्रूट. या गोळीच्या जवळजवळ प्रत्येक व्हिडिओत ते खाऊन दाखवतात, कारण कडू-आंबट फळ एकदम गोड झाल्याचा चेहरा कॅमेऱ्यात छान दिसतो. पण बरीचशी औषधं शरीरात ज्या एन्झाइमने मोडली जातात त्याच्या कामात ग्रेपफ्रूट अडथळा आणतं, आणि त्या औषधांत कॅन्सरवरचीही अनेक आहेत. डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय ते खायचं नाही, गोळीसोबत नाही आणि गोळीशिवायही नाही.

ज्यांना ऑक्सॅलिप्लॅटिन हे केमोचं औषध चालू आहे त्यांच्यासाठी आणखी एक. ‘बर्फाचं लिंबूपाणी’, ‘लिंबाची बर्फाळ चुस्की’ असल्या कृती गोळीबरोबर सुचवलेल्या दिसतील. त्या औषधानंतर काही दिवस गार काही प्यायलं की घशात विचित्र आवळल्यासारखं होतं, हाताला गार लागलं तरी मुंग्या येतात. तुमच्यासाठी सगळं कोमट किंवा खोलीच्या तापमानाचं.

मधुमेह असलेल्यांना ही गोळी सोयीची वाटेल, आणि काही प्रमाणात आहेही. पण केमोसोबत देतात ते डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड रक्तातली साखर वाढवतं. त्यात संत्र्यातली साखर खरी असते, गोळीने ती नाहीशी होत नाही. मीटरवर विश्वास ठेवा, जिभेवर नको.

विक्रेत्याच्या पानावर ‘सोबत घ्या’ म्हणून झिंकच्या गोळ्यांची बाटलीही पुढे केली होती. चवीसाठी झिंक ही सूचना मला निदान अर्ध्या नातेवाइकांनी केली असेल. डोक्या-मानेच्या रेडिएशनच्या रुग्णांवर झिंक सल्फेट ४५ मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, असं देऊन एक मोठी तुलनात्मक चाचणी झाली होती. २००७ मध्ये तिचा निकाल आला : औषध नसलेल्या, नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा झिंक सरस ठरलं नाही. रक्तात झिंक खरोखर कमी निघालं तर डॉक्टर देतीलच. बाटली मी घेतली नाही.

तर मग ती सोड्याची चूळ. एक लिटर पाणी, एक लहान चमचा मीठ, एक लहान चमचा खाण्याचा सोडा. रोज ताजं करायचं. खाण्याच्या आधी आणि नंतर खळखळून चूळ भरायची आणि थुंकायची, गिळायची नाही. अल्कोहोल असलेलं बाजारातलं माऊथवॉश घेऊ नका, ते कोरडं तोंड आणखी कोरडं करतं. खर्च नगण्य, आणि माझ्या बाबतीत गोळीपेक्षा फरक जास्त. जेवणाआधी चूळ भरली की पहिले सात-आठ घास तरी ‘साफ’ लागायचे. जेवणातला सगळ्यात पौष्टिक पदार्थ मी त्या सात-आठ घासांत बसवायला शिकले. सूप नंतर, डाळ आधी.

दुसरी बिनखर्चाची गोष्ट म्हणजे चमचा. स्टीलचा चमचा बाजूला ठेवून लाकडी किंवा प्लास्टिकचा घेतला की धातूची चव थोडी उतरते. नवरा म्हणाला, ‘हे मनाचे खेळ आहेत.’ असतील. वाटी संपली की नाही ते बघ म्हटलं. आणि तिसरी : जेवण वाफाळतं न वाढता कोमट किंवा गार. गरम पदार्थाचा वास जास्त पसरतो आणि आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा वाटा वासाचा असतो. भांड्याला झाकण आणि पेल्याला झाकण-स्ट्रॉ, यांनी कॉफीबरोबरचं माझं भांडण मिटलं नाही, पण तह झाला.

गोळी कोणत्या दिवशी घ्यावी, हेही महत्त्वाचं आहे आणि कोणीच सांगत नाही. माझ्या केमोच्या तीन आठवड्यांच्या प्रत्येक फेरीत पहिले एक-दोन दिवस स्टेरॉइडमुळे भूक असायची, तेव्हा गोळी लागली नाही. त्यानंतरचा आठवडा वाईट. त्यातही मळमळ जोरात असताना गोड लिंबूसुद्धा नकोसं. मळमळ ओसरली आहे, धातू मात्र जिभेवर ठाण मांडून आहे, असे जे मधले दिवस असतात ते या गोळीचे. तिसऱ्या आठवड्यात जीभ बऱ्यापैकी ताळ्यावर यायची आणि गोळी परत खणात. तेव्हा मोठं पाकीट घेण्याची गरज नाही. लहान पट्टी घ्या, आणि अर्ध्या गोळीने काम होतं का ते आधी बघा. माझं व्हायचं.

आणि पहिल्यांदा घेण्याआधी पाकिटाचा फोटो आपल्या डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना दाखवा. युरोपात २०२१ मध्ये या सुकवलेल्या फळाला पूरक आहार म्हणून परवानगी मिळाली ती प्रौढांसाठी, आणि त्यातूनही गर्भवती आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रिया वगळून. म्हणजे ‘नैसर्गिक फळ आहे, कोणीही खा’ हे विक्रेत्याचं वाक्य तिथल्या नियमातही बसत नाही. मला आमच्या डॉक्टरांनी ‘तोंड आलेलं नसेल तर हरकत नाही, पण दह्याबरोबर घ्या, नुसत्या लिंबावर नको’ असं सांगितलं. दह्याची कल्पना तिथून आली, भाच्याच्या व्हिडिओतून नाही.

शेवटच्या केमोनंतर काही आठवड्यांत पाणी पुन्हा पाण्यासारखं लागायला लागलं. कॉफीला त्याहून वेळ लागला. उरलेली पट्टी भाच्याने मित्रांना बोलावून संपवली. कोणी किती लिंबं खातो याची शर्यत लावली होती म्हणे, आणि जिंकलेल्याचं पोट रात्रभर दुखत होतं. ही सूचनाही पाकिटावर छापायला हरकत नाही.